महागडी खेळणी आणि छोटी केरसुणी

बालवाडीच्या प्रवेशाचे दिवस आले की माँटेसरी हे नाव गल्लोगल्लीच्या पाट्यांवर दिसू लागते. ऑनलाइन दुकानांत लाकडी ठोकळ्यांच्या चकचकीत पेट्या याच नावाने विकल्या जातात. अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या आईबाबांना मग वाटू लागते, की हे सगळे घरी आणले नाही तर आपले मूल मागे पडेल. ज्यांच्या नावाने हा बाजार चालतो, त्या मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. त्यांच्या पहिल्या शाळेतल्या मुलांनी देणगीत आलेली चांगली खेळणी बाजूला सारून केरसुणी, फडके आणि पाण्याचे भांडे हातात घेतले होते. ते का, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.

मुलग्यांच्या वर्गातली मुलगी

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या कियारावाले या छोट्या गावी झाला. वडील सरकारी अधिकारी, जुन्या वळणाचे. आई वाचनाची आवड असलेली. मारिया पाच वर्षांच्या असताना कुटुंब रोमला आले. तेराव्या वर्षी त्यांनी तांत्रिक शाळेत नाव घातले. तिथे जवळजवळ सगळे मुलगेच शिकत. गणिताची गोडी होती, त्यामुळे आधी इंजिनीअर व्हायचे ठरले, पण पुढे मन वैद्यकाकडे वळले. वडिलांना हे पसंत नव्हते. आई मात्र पाठीशी उभी राहिली.

१८९० मध्ये रोमच्या विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाला प्रवेश घेतला आणि तिथून त्या वैद्यकशाखेत गेल्या. मुलग्यांबरोबर उभे राहून मुलीने मृतदेहाचे विच्छेदन करणे त्या काळी सभ्यतेला धरून नव्हते. म्हणून वर्ग सुटल्यावर, संध्याकाळी, त्या एकट्याच विच्छेदनगृहात काम करत. १८९६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि इटलीतल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना समान कामासाठी समान मजुरी मिळावी, ही मागणी मांडली.

हाताला काम हवे

पदवीनंतर त्या विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. रुग्ण निवडण्यासाठी त्यांना रोममधल्या मनोरुग्णालयांत जावे लागे. मतिमंद म्हणून शिक्का बसलेली लहान मुलेही तिथे मोठ्या रुग्णांबरोबरच ठेवलेली असत. अशाच एका भेटीची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. एका ओक्याबोक्या खोलीत काही मुले कोंडलेली होती. जेवण झाले की ती जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसत. देखरेख करणाऱ्या बाईला तो अधाशीपणा वाटे. डॉक्टरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली. तिथे खेळणे नव्हते, खडा नव्हता, धरायला-चाचपायला काहीच नव्हते. पोट भरलेलेच होते. भूक होती ती बोटांची.

या विचाराने त्यांना दोन जुन्या फ्रेंच डॉक्टरांकडे नेले. एक जाँ इतार. जंगलात सापडलेल्या, माणसात न वाढलेल्या एका मुलाला शिकवण्यासाठी त्यांनी काही वर्षे खर्ची घातली होती. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ. त्यांनी मतिमंद मुलांसाठी स्पर्श, आकार आणि रंग यांवर आधारलेली साधने तयार केली होती. हे ग्रंथ नीट समजावेत म्हणून माँटेसरींनी ते स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले.

१९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षणासाठी एक संस्था सुरू झाली. तिची जबाबदारी माँटेसरी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर जुसेप्पे मोंतेसानो यांच्याकडे आली. तिथली काही मुले सर्वसाधारण मुलांसाठीच्या परीक्षेत वाचन-लेखनात उत्तीर्ण झाली. शहरभर कौतुक झाले. माँटेसरींच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. शिक्का बसलेली मुले योग्य साधने मिळाल्यावर इथवर येत असतील, तर धडधाकट मुलांना आपण शाळेत काय देतो आहोत?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक दुःखाची गोष्ट घडत होती. मोंतेसानो आणि त्यांच्या संबंधांतून १८९८ मध्ये मारिओ हा मुलगा झाला. लग्न झाले नाही. अविवाहित आईला त्या समाजात डॉक्टर म्हणून उभे राहणे अशक्य होते. म्हणून बाळ खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढवायला दिले गेले. आई भेटायला जाई, पण आपण आई आहोत हे सांगू शकत नसे. १९०१ च्या सुमारास मोंतेसानो यांनी दुसरीशी लग्न केले आणि माँटेसरींनी ती संस्था सोडली. मारिओ त्यांच्याजवळ राहायला आला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि त्यानंतरही बरीच वर्षे लोकांना त्याची ओळख भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई. पुढे जगभरच्या आईबापांना लहान मूल समजावून सांगणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाचे ते वय जवळून पाहता आले नाही.

सान लोरेंझोचे बालघर

रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका बांधकाम कंपनीने जुन्या, पडक्या इमारती दुरुस्त करून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात. मागे राहिलेली लहान मुले जिने खराब करत, भिंतींवर रेघोट्या मारत. रंगरंगोटीवर पैसे घालण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असा हिशेब झाला आणि ते काम माँटेसरींकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नासेक मुलांची ही जागा सुरू झाली. नाव ठेवले कासा देइ बांबिनी, म्हणजे मुलांचे घर.

प्रशिक्षित शिक्षिका ठेवण्याइतका पैसा नव्हता. इमारतीतल्याच एका साध्या मुलीवर मुलांची देखरेख सोपवली गेली. माँटेसरींना ते सोयीचेच वाटले. शिकवण्याच्या जुन्या सवयी नसलेली व्यक्ती मुलांच्या मध्ये कमी येईल, असा त्यांचा अंदाज होता. त्या स्वतः अधूनमधून येत आणि डॉक्टर रुग्णाचे निरीक्षण करतो तशी टिपणे ठेवत. मुलांची उंची आणि वजन नियमित मोजले जाई. मूल स्वच्छ पाठवण्याची अट पालकांना घातलेली असे.

टिपणांतून जे पुढे आले ते त्यांनाही अनपेक्षित होते. तीन वर्षांची एक मुलगी वेगवेगळ्या जाडीचे लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवत होती. बसवले की पुन्हा बाहेर काढायची, पुन्हा बसवायची. माँटेसरींनी मोजायला सुरुवात केली. आजूबाजूच्या मुलांना गाणे म्हणायला लावले, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तेच करून झाल्यावर ती आपणहून थांबली, आणि दमलेली नव्हे तर ताजीतवानी दिसत होती. लहान मुलाचे लक्ष टिकत नाही या समजुतीला तिथे पहिला धक्का बसला.

एकदा साधनांचे कपाट बंद करायचे राहून गेले. सकाळी मुलांनी आपापल्याला हवी ती वस्तू स्वतः काढून घेतली आणि कामाला लागली. देखरेख करणाऱ्या मुलीला ती चोरी वाटली, माँटेसरींना निवड. त्यानंतर उंच कपाटाऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे आली. प्रत्येक वस्तूची जागा ठरली. टेबल-खुर्च्याही मुलाला उचलता येतील इतक्या हलक्या करून घेतल्या.

शेंबूड पुसण्याच्या धड्याची हकीकत तर आजच्या घरांनाही लागू पडते. एके दिवशी माँटेसरींनी रुमालाने आवाज न करता नाक कसे साफ करायचे, ते सावकाश करून दाखवले. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. उलट मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाकावरून रोज बोलणी खाणाऱ्या त्या मुलांना ते कसे करायचे, हे शांतपणे कोणी कधी दाखवलेच नव्हते.

खेळण्यांचेही तसेच झाले. चांगल्या घरांतल्या बायकांनी दिलेल्या बाहुल्या बऱ्याचदा पडून राहत. मुले खऱ्या कामाकडे ओढली जात. हात धुणे, टेबल पुसणे, केर काढणे, बटणे लावणे, जेवण वाढणे. त्यासाठी छोट्या आकाराच्या पण खऱ्या वस्तू दिल्या जात. काचेचा पेला फुटतो, म्हणून तो जपून धरावा लागतो. न फुटणारा प्लॅस्टिकचा पेला हे शिकवत नाही, असा त्यामागचा विचार होता.

अक्षरओळखीसाठी खरखरीत कागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवलेली असत. मूल त्यावरून बोट फिरवी आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज ऐके. अशा रीतीने डोळे, बोट आणि कान एकाच वेळी कामाला लागत. हिवाळ्यातल्या एका दिवशी गच्चीवर एका मुलाला त्यांनी खडूने धुराडे काढायला सांगितले. चित्र झाल्यावर त्याने आपणहून त्याखाली शब्द लिहिला आणि आपल्याला लिहिता येते या आनंदात ओरडत सुटला. मग बाकीच्या मुलांनीही खडू मागितले. लिहिण्याचा हात आधीच तयार झाला होता, ते लिहिणे त्या दिवशी बाहेर पडले.

कीर्ती, वाद आणि परागंदा वर्षे

१९०९ मध्ये त्यांचे पद्धतीवरचे पुस्तक आले, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि नाव जगभर गेले. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला गेला. लोक बाहेर बसून मुलांचे काम पाहत. टीकाही झाली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये आक्षेप घेतला की साधने फार ठरीव आहेत आणि कल्पनेच्या खेळाला या पद्धतीत जागा कमी आहे. हा आक्षेप आजही घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. भातुकली, चोर-पोलीस, चादरीचा तंबू यांचे मोल मुलाच्या वाढीत मोठे आहे.

इटलीत मुसोलिनीने सुरुवातीला त्यांच्या शाळांना आश्रय दिला. पण शाळांवर सत्तेचा ताबा वाढू लागला तसे संबंध बिघडले. १९३४ च्या सुमारास त्या शाळा बंद पडल्या आणि माँटेसरींनी देश सोडला. स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर १९३६ मध्ये बार्सिलोनाही सोडावे लागले. मग त्या नेदरलँड्समध्ये राहिल्या.

भारतातली वर्षे

१९३१ मध्ये लंडनमध्ये गांधीजी आणि माँटेसरी यांची भेट झाली होती. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. तेव्हा त्या ६९ वर्षांच्या होत्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि ब्रिटिश भारतात हे मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. आईच्या हालचालींवरही बंधने आली. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, व्हाइसरॉयने मारिओची सुटका केली. त्या आदेशात मारिओचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता, असे सांगतात. जे आईला चार दशके उघडपणे बोलता आले नव्हते, ते असे कागदावर आले.

१९४६ पर्यंत त्या भारतात राहिल्या. अड्यार, कोडाईकनाल, अहमदाबाद अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. जन्मापासूनच्या पहिल्या काही वर्षांत मूल भोवतालचे सगळे कसे शोषून घेते, हा विचार याच वर्षांत त्यांनी सविस्तर मांडला.

त्याआधीच त्यांचे विचार आपल्याकडे पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२० च्या दशकात त्यावर काम सुरू केले होते. ताराबाईंनी नंतर मुंबईत दादरला, १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, ही पद्धत आदिवासी वस्त्यांच्या अंगणात नेली. आयात केलेली लाकडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने आणि काड्या वापरल्या. अंगणवाडी हा शब्दही ताराबाईंच्याच कामातून रुजला. पद्धत साधनांच्या किमतीवर अवलंबून नाही, हे मराठी मुलखात असे सिद्ध झाले.

माँटेसरी ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधल्या नोर्दवाइक या गावी वारल्या. मारिओ जवळ होता. कामाचा वारसा त्यांनी त्याच्याकडेच सोपवला.

विज्ञान काय म्हणते

माँटेसरींच्या काळात मेंदूची छायाचित्रे घेता येत नव्हती. त्यांचा आधार होता तो निरीक्षणाचा. २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका माँटेसरी शाळेत सोडत काढून प्रवेश दिले जात. प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा पाच वर्षांची माँटेसरी मुले वाचनाची पूर्वतयारी, गणित आणि स्वतःवर ताबा ठेवण्याच्या चाचण्यांत पुढे आढळली. अर्थात तो एकाच शाळेचा अभ्यास होता, आणि पाटीवर नाव असलेली प्रत्येक शाळा ही पद्धत पाळतेच असे नाही.

घरात काय करता येईल

अडीच ते सहा वर्षांच्या मुलासाठी पुढच्या गोष्टींना वेगळा खर्च लागत नाही.

ओतणे. दोन लहान भांडी, एक ताट आणि थोडे पाणी. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे. सांडले की पुसायला फडके शेजारीच ठेवावे. पुसणे हाही याच कामाचा भाग आहे.

निवडणे. राजमा, हरभरे आणि चवळी एकत्र करून तीन वाट्यांत वेगळे करायला द्यावे. मटार सोलणे, कोथिंबीर निवडणे, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे हेही त्यातलेच. दाणे नाकात किंवा घशात जाण्याचा धोका असतो. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला बारीक दाणे देऊ नयेत, त्यापुढेही शेजारी बसून राहावे.

झाकणे आणि बटणे. वेगवेगळ्या आकाराचे पाच-सहा डबे, झाकणे वेगळी. जुन्या शर्टाची बटणे लावणे-काढणे. पेन्सिल धरणारी बोटे इथे तयार होतात.

अक्षरे. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवावे, बरोबर त्याचा उच्चार करावा. पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला तर खरखरीत अक्षरही घरीच तयार होते.

नावे शिकवणे. सेगँ यांच्याकडून माँटेसरींनी घेतलेल्या तीन पायऱ्या सोप्या आहेत. आधी वस्तू दाखवून सांगावे, हा चमचा, ही पळी. मग विचारावे, पळी कोणती? शेवटी पळी हातात धरून विचारावे, हे काय? मूल चुकले तर दुरुस्त करत न बसता दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर यावे.

शांततेचा खेळ. सगळ्यांनी डोळे मिटून मिनिटभर स्तब्ध बसायचे. मग दुसऱ्या खोलीतून मुलाचे नाव कुजबुजत्या आवाजात घ्यायचे. ऐकू आले की त्याने पाय न वाजवता यायचे. माँटेसरींना या खेळातून मुलांच्या ऐकण्याचाही अंदाज येई. मूल हलक्या आवाजाला वारंवार प्रतिसाद देत नसेल, तर कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

यात सगळ्यात अवघड काम मोठ्यांचे आहे. एकदा सावकाश करून दाखवायचे आणि मग हात मागे घ्यायचा. चपलेचा पट्टा लावायला मुलाला पाच मिनिटे लागतात. आपण तो पाच सेकंदांत लावून देतो आणि त्याचा सराव हिरावून घेतो. सकाळच्या घाईत हे जमणार नाही, हे खरे. पण दिवसातला एखादा अर्धा तास असा काढता येतो, जेव्हा कुठे जायचे नसते आणि थोडे पाणी सांडले तरी चालते. सान लोरेंझोतल्या मुलांना त्यापेक्षा फार काही जास्त मिळाले नव्हते. त्यांच्याशी खऱ्या वस्तू होत्या, हाताला येणारी कपाटे होती आणि मध्ये न येणारे एक माणूस होते.